भट्टीतून निघालेलं नाव

बेकरीवाल्या काकूंचा स्वभाव त्यांच्या भट्टीसारखा. तापायला वेळ लागायचा, पण एकदा तापल्या की समोरचा भाजून निघालाच म्हणून समजा. तरीही गल्लीत त्यांना कुणी नावं ठेवत नसे. कारण भाजून काढल्यावर त्याच हाताने त्या समोरच्याच्या तळहातावर गरम बिस्किट ठेवायच्या.

शुक्रवारी दुपारी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीचे, वेणी घातलेले पाव निघाले की काकू स्वतः भट्टीचं दार लावायच्या. शनिवारी संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत ते उघडायची कुणाची बिशाद नव्हती. मुलगा एकदा कुरकुरला, "आई, शनिवारीच तर गिऱ्हाईक दुप्पट असतं."

काकू म्हणाल्या, "देवाने सहा दिवसांत अख्खं जग केलं. तुला सहा दिवसांत पाव पुरेसे करता येत नाहीत होय?"

मुलगा पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

ज्यू मंडळींच्या प्रार्थनाघराच्या, सिनेगॉगच्या, मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी मुलांचा हिब्रूचा वर्ग भरायचा. म्हातारे मास्तर मुलीकडे परगावी राहायला गेले आणि वर्ग पोरका झाला. शिकवणार कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, आणि बघता बघता सगळ्यांच्या नजरा काकूंवर येऊन थांबल्या. काकूंना लहानपणी त्यांच्या वडिलांनी वाचायला शिकवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक त्या झरझर वाचत.

"अहो, मला पोहता येतं म्हणून मी विहीर खणायची का?" काकूंनी हात झटकून पाहिले. पण मनातून काही नाही म्हणवेना. वडिलांनी दिलेलं आपल्याबरोबरच संपलं, तर वर गेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

म्हणून त्या उभ्या राहिल्या फळ्यासमोर. मास्तर करायचे तसंच त्यांनी केलं. अक्षर काढायचं, मुलांनी ओरडायचं, की पुढचं अक्षर. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मागे जांभया, पुढे चुळबुळ. उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हटल्यावर तर चप्पलवाल्याचा धाकटा म्हणाला, "शाळेत इकडून, इथे तिकडून. घरी जाताना आम्ही खांबावर आपटणार, काकू."

हळूहळू मुलं गळू लागली. कुणाला खोकला, कुणाला पाहुणे. एकाचे तर एका महिन्यात तीन मामा आजारी पडले. उरली कोण? काकूंची नात चिमणी, जिला आजीचा हात सुटत नव्हता. आणि चप्पलवाल्याचे जुळे, थोरला नि धाकटा. त्यांची आई त्यांना दारात सोडायची आणि वर्गाचं दार लागेपर्यंत कोपऱ्यावर पहारा द्यायची.

अशात एका बुधवारी काकूंचे धाकटे दीर बेकरीत आले. भाऊजी म्हणजे सिनेगॉगचे चिटणीस. माणूस सरळ, पण नीटनेटकेपणाचं वेड भारी. नव्या खुर्च्या आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. निम्म्या खुर्च्या वर्गात रचल्या होत्या, निम्म्या बोळात. आणि बोळातल्या खुर्चीला अडखळून एक आजोबा थोडक्यात वाचले होते.

"वहिनी, राग मानू नका," भाऊजी म्हणाले. "रविवारी संध्याकाळी बैठक आहे. खोली खुर्च्यांना द्यावी असं मांडतोय मी."

"आणि मुलं?"

"कुठे आहेत मुलं? तीन. त्यातली एक तुमचीच आणि दोन पकडून आणलेली. खुर्च्या बघा, एकदा ठेवल्या की पळून तरी जात नाहीत."

 काकूंनी भाऊजींच्या हातावर बिस्किट ठेवलं, पण ते गार होतं. भाऊजी काय ते समजले आणि गुपचूप निघून गेले.

काकू कणीक मळायला वळल्या. ओट्यावर पीठ पसरलेलं होतं. मन ठिकाणावर नव्हतं, बोट आपोआप पिठात फिरलं आणि एक अक्षर उमटलं. पहिलंच, अलेफ. काकू बघतच राहिल्या. अगं बाई, आपण तरी फळ्यावर कुठे शिकलो? बेकरी वडिलांची होती तेव्हा त्यांनी याच ओट्यावर पीठ पसरून शिकवलं होतं. चुकलं की तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "चूक फक्त पिठाला माहीत. ते कुणाला सांगत नाही."

त्यांनी चिमणीला हाक मारली. "सगळ्यांच्या घरी सांगून ये. रविवारी वर्ग बेकरीत. पुस्तक नको, पाटी नको. हात धुऊन या आणि भूक ठेवून या."

रविवारी सकाळी त्या तिन्ही मामांना एकदम बरं वाटलं. खोकले थांबले, पाहुणे गेले. बेकरीच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. काकूंनी प्रत्येकाला कणकेचा गोळा दिला. "आपापलं नाव करायचं. हिब्रूत. जे कराल ते भाजून मिळेल, जे भाजेल ते खायला मिळेल. मोठं नाव असलेला नशीबवान."

काय एकेकाची धांदल! फळ्यावर जी अक्षरं डोळ्यांत शिरत नव्हती, ती बोटांत आली. "काकू, याला शेपूट आहे ना?" "काकू, हिने माझं अक्षर चोरलं!" कणकेच्या वळ्या झाल्या, वळ्यांची अक्षरं झाली. धाकट्याने मात्र सवयीप्रमाणे डावीकडून सुरुवात केली आणि नाव उलटं झालं. चिमणी खुदकन हसली. धाकट्याने रागाने सगळी अक्षरं गोळा करून मुठीत दाबली, आणि भावाला घेऊन कोपऱ्यातल्या ट्रेपाशी जाऊन बसला. दोघांचं काय गुलुगुलु चाललंय, हे बघायला काकूंना सवड कुठली? त्यांनी ट्रेमागून ट्रे भट्टीत सरकवले.

वास सुटला तशी पोरं भट्टीभोवती जमली. पहिला ट्रे निघाला, दुसरा निघाला. कुणाचं अक्षर फुगलेलं, कुणाचं वाकडं, पण ओळखू येत होतं. मग जुळ्यांचा ट्रे निघाला. कणीक सैल राहिली असावी. चार अक्षरं पसरून एकमेकांना चिकटली होती. एकच सलग, खरपूस, तांबूस बिस्किट. काकूंनी वाचलं, आणि ट्रे अलगद ओट्यावर टेकवला.

चिमणी टाचा उंचावून बघत होती. तिचा आवाज एकदम लहान झाला. "आजी... हे तर नाव आहे. त्याचं."

 पोरंच ती, पण प्रत्येकाला ते ओळखू आलं. देवाचं जे नाव लिहिलंय तसं कुणी उच्चारत नाही, त्या जागी नुसतं 'प्रभू' म्हणायचं, हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक होतं. आणि एकदा लिहिलं की ते पुसायचं नाही, फाडायचं नाही, टाकायचं नाही.

"हे काय केलंत रे?" काकूंनी विचारलं.

थोरला रडकुंडीला आला. "आम्हांला आमचं नाव येईना. जे येत होतं ते केलं. तोराच्या पोथीच्या कपाटावर कोरलंय ना, दर आठवड्याला तेच बघतो. प्रार्थना फार लांब असते, काकू."

काकूंना रागवायचं होतं, पण त्यांनी पदराने थोरल्याचे डोळे पुसले. ज्यांना आपण दगड समजत होतो, त्यांनी प्रार्थनाभर बसून तेवढंच चोख टिपलं होतं.

"मग आता हे आम्ही खायचं नाही?" धाकट्याने विचारलं.

"देवाला खातोस?" चिमणी कडाडली. "मोडायचं पण नाही!"

"कणीक आमची होती!"

"नाव तुझं होतं का?"

दुसरी एक मुलगी म्हणाली, "पक्ष्यांना घालू." तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. पक्षी म्हणजे काय, चोचीने मोडणारच ना! वाद असा रंगला की आपापल्या हातातली बिस्किटं गार झाली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी काकूंनी ट्रेवर धुतलेलं फडकं घातलं आणि म्हणाल्या, "चला. हझान आजोबांना विचारू."

हझान आजोबा म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे. पुढे ट्रे धरून काकू, मागे पिठाने माखलेली पलटण. सायकलवाला थांबला, न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. "काकू, कुणाचा वाढदिवस?" काकूंनी फक्त मान हलवली. बोलायची सोय नव्हती, पायाखाली बघावं लागत होतं.

आजोबांनी फडकं उचललं, चष्मा वर केला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग डोळे पुसून गंभीर झाले. "पोरांनी जाणूनबुजून केलं नाही, तेव्हा कुणी शास्त्री कदाचित सूटही देईल. पण मला सूट नको बाबा. जे आपण खोडत नाही, ते चावायचं कसं? जुन्या पोथ्यांबरोबर मातीला देऊ. पेटी कुठे आहे?"

फाटलेली प्रार्थनेची पुस्तकं ठेवायची पेटी वर्गातच होती. पण भाऊजींच्या खुर्च्यांच्या डोंगरामागे! भाऊजी तिथेच होते, बैठकीची तयारी करत. त्यांनी पोरांची फौज पाहिली, झाकलेला ट्रे पाहिला, सगळी हकिगत ऐकली आणि मुकाट्याने पहिली खुर्ची उचलली. पोरांनी बाकीच्या ओढल्या. डोंगर बोळातून अंगणात गेला.

पेटीचं झाकण उघडलं तर आतून कागदांचा लोंढाच आला. लोकांनी वर्षानुवर्षं काहीही कोंबलं होतं. पोथ्यांची पानं, लग्नाच्या पत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, कुणाचं तरी भूगोलाचं पुस्तकसुद्धा.

"हे सगळं पुरायचं तर अख्खं कब्रस्तान लागेल," हझान आजोबा म्हणाले. "निवडावं लागणार. ज्यावर नाव असेल ते मातीला, बाकीचं रद्दीला. पण माझे डोळे आता साथ देत नाहीत."

थोरल्याने खाली बसून एक पान उचललं, नाकाशी धरलं. "इथे आहे! आजोबा, इथे दोनदा आहे!"

"माझ्याकडे पण!" "मला, मला दे!"

"सावकाश," आजोबा म्हणाले. "त्याची नावं आणखीही आहेत. तीही ओळखता आली पाहिजेत, नाहीतर रद्दीवाल्याकडे जातील."

धाकटा काकूंकडे वळला. दोन्ही हात कमरेवर. "मग शिकवा ना, काकू! बसलात काय?"

काकू खरोखरच बसल्या होत्या, तिथेच, जमिनीवर. इतके महिने ज्या एका वाक्यासाठी त्या फळ्यासमोर घसा कोरडा करत होत्या, ते वाक्य अखेर असं कमरेवर हात ठेवून आलं. 'बाबा, ऐकलंत का?' त्या मनात म्हणाल्या. मग एक पान मांडीवर घेतलं, चोहोबाजूंनी पिठाळलेली डोकी वाकली, आणि वर्ग सुरू झाला.

भाऊजी दारात दोन खुर्च्या घेऊन उभे होते. "वहिनी, संध्याकाळी बैठकीत काय सांगू?"

"सांगा, खोली रिकामी नाही."

"आणि खुर्च्या?"

"खुर्च्या पळून जात नाहीत, तुम्हीच म्हणालात. अंगणातल्या छपराखाली राहतील गुण्यागोविंदाने."

भाऊजी हसले. बैठकीत त्यांनी खरंच तसं सांगितलं, वर नवीन फळ्याची मागणीही केली. बिस्किटाला मुंग्या लागू नयेत म्हणून आपला चहाच्या बिस्किटांचा घट्ट झाकणाचा डबा त्यांनी रिकामा करून दिला, आणि तो डबा कपाटात ठेवून रोज एकदा उघडून बघत राहिले.

पेटी निवडून व्हायला बरेच रविवार गेले. मुलं न बोलावता यायची, जुळ्यांच्या आईचा पहारा सुटला. मग एका सकाळी सगळ्यांनी मिळून कब्रस्तानाच्या कडेला खड्डा खणला आणि पोथ्यांची पानं मातीला दिली. सर्वांत वर भाऊजींचा डबा. हझान आजोबांनी प्रार्थना म्हटली. आमेन कधी म्हणायचं ते पोरांना बरोबर कळलं.

त्या दिवशी पुन्हा बेकरीत कणीक निघाली. काकूंचा नवा नियम होता: फक्त आपापलं नाव, आणि दोन अक्षरांमध्ये बोटभर अंतर. धाकट्याने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून आपलं नाव मांडलं. या वेळी कुणी हसलं नाही. भाजून आल्यावर त्याने ते ताटलीत नीट लावलं, जरा वेळ कौतुकाने पाहिलं, आणि मग उजवीकडून खायला सुरुवात केली.