नाव कुणाचं, रक्त कुणाचं

मला संशयी म्हणतात ते खरंच आहे. इतकी वर्षं खव्याची भट्टी चालवते, संशय घेतला नसता तर ती कधीच विझली असती. दूध घेऊन सख्खा भाऊ आला तरी त्याच्या कॅनमध्ये मी आधी दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी बुडवते. दुसऱ्याचा खवा हातात आला की त्यावर आयोडीनचा थेंब टाकते, निळा पडला की समजायचं पीठ मिसळलंय. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, अजून टोमणा मारतात, "हिला देवानं परसाद दिला तर त्याच्यावर बी थेंब टाकून बघंल!"

तर आक्कांची लेक पुण्याला कॅन्सरवर संशोधन करते. दिवाळीनंतर ती घरी आली आणि म्हणाली, गावातल्या बायांचं थोडं थोडं रक्त पाहिजे. माझे कान उभेच राहिले.

"कशाला गं रक्त?"

"काकू, गरोदरपणी आशाताई गोळ्या देते ना, त्यात एक जीवनसत्त्व असतं. कॅन्सरच्या पेशी त्याच्यासाठी फार हावऱ्या असतात. आम्ही सोन्याचे अगदी बारीक कण घेतो, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक, आणि त्यांना त्या जीवनसत्त्वाचा लेप देतो. रक्तात तसली पेशी असली तर ती त्या कणाला चिकटते आणि आमच्या पट्टीवर गडद रेघ उमटते."

"म्हणजे तुमी त्या रोगाला खाऊ घालताय? वर सोनं बी?"

"अंगात काही घालत नाही हो काकू! रक्त बाहेर काढून बघतो."

"आन रिपोर्ट कधी देणार?"

"रिपोर्ट नाही मिळणार. पट्टी खरं बोलते का हेच अजून ठरायचंय. कुणाची रेघ गडद आली तर मोठ्या तपासणीला जा, एवढंच सांगणार."

झालं! रक्त घेणार, रिपोर्ट देणार नाहीत, आणि पट्टी खरं बोलते का ते यांनाच ठाऊक नाही. दुसरं कुणी असतं तर मी त्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं असतं. पण पोर घरची. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, ती तिला ठाऊक नव्हती.

तिच्या आईच्या छातीत गाठ होती.

दसऱ्याच्या आधी आक्का भट्टीवर डाव्या हातानं खवा हलवायला लागल्या, तेव्हाच मला शंका आली. खवा हलवायला दंडात जोर लागतो, तो काही डाव्या हाताचा खेळ नाही. मी पिच्छाच पुरवला, तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि माझा हात धरून उजव्या बाजूला, काखेजवळ ठेवला. हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं.

"दवाखान्यात चला," मी म्हणाले.

"न्हाय. एकदा तिथं नाव लागलं की गावभर व्हतं. पोरीला स्थळं यायलीत. आईला तसला रोग हाय म्हणल्यावर कोण करील तिला? आन तिला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मला राग आला, तो अजून आहे. लेक कॅन्सर शोधायला दुसऱ्यांच्या दारात फिरते आणि आई तिच्यापासूनच गाठ लपवते. दोन महिने मी रोज भांडले, हातापाया पडले. आक्का उठून भट्टीकडं जायच्या.

रक्ताचं निघालं तेव्हा मात्र माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरलं. आमच्याकडं डेअरीवर संशय आला की आम्ही एक करतो. आपलं दूध शेजारणीच्या नावानं घालायचं आणि तिचं आपल्या. मशीन दूध बघतंय का नाव बघतंय, ते दोन दिवसांत उघडं पडतं. मी आक्कांना म्हणाले, "तुमी रक्त द्या, पण माझ्या नावानं. मी तुमच्या नावानं देते. तुमचं नाव कुठं लागणार न्हाय, आन पोरीची पट्टी किती पाण्यात हाय ते बी कळंल."

या खेपेला त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या नावानं व्हय? मग देते."

शाळेच्या खोलीत रक्त घ्यायला बाहेरगावची एक नर्स बसली होती. कुणाची नळी कुठली ते तपासणाऱ्याला कळू नये असा नियम आहे म्हणून पुतणी बाहेर थांबली होती. नर्सनं आधार कार्डसुद्धा मागितलं नाही, यावरून मला आणखीच शंका आली. आक्कांनी माझं नाव घडाघडा सांगितलं. माझा नवरा त्यांचा धाकटा दीर, त्याचं नाव घ्यायला त्यांना काही अडचण नव्हती. आपल्या नवऱ्याचं नाव मात्र त्यांनी जन्मात तोंडातून काढलेलं नाही. भाऊजी वारले त्यालाही आता किती वर्षं झाली, पण रेशन दुकानात विचारलं तर, "लिवा की, तुमाला काय ठाव न्हाय व्हय?" एवढंच म्हणायच्या. त्यांच्या नावापुढं भाऊजींचं नाव मीच कसंबसं पुटपुटले. थोरल्या दिराचं नाव घेताना माझीही जीभ अडखळलीच.

महिना गेला. मी मनाशी म्हणत होते, काही निघायचं नाही, पट्टीच खोटी आहे. खरं तर ती खोटी निघावी असं मला वाटत होतं.

एका दुपारी पुतणी न सांगता आली. बॅग खांद्यावर तशीच. आक्का अंगणात तूर निवडत होत्या. ती त्यांच्याकडं न बघता सरळ माझ्याकडं आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"काकू, घाबरू नका. आमची पट्टी चुकूही शकते. पण तपासणी संपल्यावर नावं उघडली, तर तुमची रेघ गडद आलीय. उद्याच चला."

तुरीतला आक्कांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. पोरगी माझ्यासाठी रडत होती आणि जिच्यासाठी रडायचं ती सूप धरून बसली होती. तिथल्या तिथं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण शपथ होती. आणि सांगितलं असतं तर आक्का घरातून हलल्या नसत्या, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"येते," मी म्हणाले. "पण आक्का संगं असल्या तरच. मी एकटी न्हाय जायची."

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी जिल्ह्याच्या गावाला निघालो. पुतणीनं माझ्या नावाचा केसपेपर काढला. बाकड्यावर मी मध्ये, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आक्का. मला तिथल्या प्रत्येक गोष्टीचा संशय येत होता. डॉक्टरीणबाई फारच लहान दिसत होत्या. मशीनच्या खोलीतून बाहेर आलेली बाई काही बोलत नव्हती. सगळ्यात जास्त संशय आक्कांचा. पाणी पिऊन येते म्हणून दोनदा उठल्या, दोन्ही वेळा मी त्यांच्या पदराचं टोक धरून मागं गेले. पुतणीला वाटलं, काकूच घाबरलीय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दारातल्या बाईनं माझं नाव पुकारलं.

मी उठले नाही. तिनं परत पुकारलं. पुतणी म्हणाली, "काकू, उठा ना." मी अजून धरून ठेवलेलं आक्कांच्या पदराचं टोक सोडलं. मनात म्हणाले, आता पळायचं असंल तर पळा, माझ्यानं तुम्हाला अजून धरवत नाही.

आक्का उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ते नाव हिचं हाय," त्या म्हणाल्या. "रगत माझं हाय. गाठ बी माझीच. ते खोडा आन माझं लिवा."

पुतणीच्या तोंडून "आई" एवढंच निघालं.

दारातल्या बाईनं वैतागून पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा."

आक्कांनी एकवार लेकीकडं बघितलं. मग आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि बाईला नीट ऐकू गेलं नाही म्हणून भाऊजींचं नाव परत एकदा, मोठ्यांदा सांगितलं.