रस्त्यावर पोरी होत्या

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, आयुष्य दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर तो जायरोप्लेन उडवायला शिकला. वर मोठा पंखा, एकामागे एक दोन सीट, पाठीमागे इंजिन, छत नाही. गोंदियाच्या एका धान व्यापाऱ्यानं ते हौसेनं घेतलं होतं आणि चालवायला दादाला ठेवलं होतं. वहिनी कुरकुरायची, "या वयात कायले पाहिजे हे?" दादा नुसता हसायचा. इतका खूश मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता.

भादव्यातल्या एका सकाळी त्यानं मला मागे बसवलं. आम्ही आमच्या गावाकडं, दवनीवाड्याकडं निघालो. खाली सगळीकडं पाण्यात उभा हिरवा धान. हेल्मेटमधल्या स्पीकरमधून दादा सांगत होता, "ते पाह्य बाई, आपली शाळा."

आणि इंजिनाचा आवाज बदलला. एकदा अडखळल्यासारखा झाला, मग बारीक होत गेला.

"दादा, काय झालं?"

"जोर कमी होऊन राहिला. घाबरू नको. वरचा पंखा हवेनंच फिरते. आपण दगडासारखे नाही पडत."

खरंच आम्ही पडत नव्हतो, हळूहळू खाली येत होतो. समोर गावाचा डांबरी रस्ता होता आणि दादानं विमानाचं नाक तिकडं वळवलं होतं. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वासही टाकला. तेवढ्यात वळणावरून सायकली आल्या. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, गप्पा मारत चाललेल्या.

"रस्त्यावर पोरी आहेत," दादा म्हणाला आणि शेताकडं वळला.

चाकं चिखलात रुतली, पुढचं चाक बांधीच्या धुऱ्यावर, धानाच्या वाफ्याच्या उंच कडेवर, आदळलं आणि आम्ही आडवे झालो. पंख्याची पाती चिखलात आपटून तुटली. माझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं. निंदण करणाऱ्या बाया धावत आल्या. त्यांनी माझा पट्टा सोडवला तेव्हा दादा बाहेर धुऱ्यावर फेकला गेला होता, पण शुद्धीवर होता.

"बाई," तो म्हणाला, "माहे पाय चिखलात फसले का?"

त्याचे पाय धुऱ्यावर होते, कोरड्या गवतावर, सरळ.

"हो," मी म्हणाले. "फसले आहेत."

नागपूरला ऑपरेशन झालं. कमरेखाली आता हालचाल येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चौकशीची माणसं आली, इंजिन घेऊन गेली. जोर का गेला ते आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. व्यापारी सुरुवातीला भेटायला यायचा, मग त्याचं येणंही थांबलं.

त्या पोरींपैकी एकीची आई मुलीला घेऊन घरी आली होती. तिनं दादाच्या खाटेला हात लावून नमस्कार केला. "भाऊ, तुमच्यामुळं माही लेक घरी आली," ती म्हणाली. पोरगी दाराशीच उभी राहिली. दादा भिंतीकडं पाहत होता.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "रस्त्यावरच उतरायला पाहिजे होतं मी. त्या पोरी बाजूला झाल्या असत्या."

"आणि नसत्या झाल्या तर?"

"झाल्या असत्या," तो म्हणाला. "तुले काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, त्या भरत नाहीत. मी जाते तेव्हा तो अजूनही रस्त्याचंच बोलतो, रस्ता किती रुंद होता, किती लांब. आधी मी समजूत घालायची. आता घालत नाही. वहिनी त्याला कुशीवर वळवते, मी पाय धरते, आणि तो बोलत असतो.