पंखवाला घोडा
खळीचा वास आला की मला इंदापूरच्या आमच्या बुद्धविहारातला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. वंदना झाली की मी तिथल्या कपाटातली पुस्तकं वाटायचो आणि फाटक्यांना खळ लावून चिकटवायचो. चळवळीची पत्रकं वाचून वाढलेलो मी. त्या दिवशी प्रेमाच्या आणि जादूच्या सगळ्या कादंबऱ्या रद्दीत काढायला बसलो होतो. तेवढ्यात दवाखान्यात आयाचं काम करणारी शेजारची मावशी आधी वाचायला नेलेली तसलीच एक कादंबरी घेऊन आली. “आजून आठवडाभर ऱ्हाऊ दे रं, थोडीच वाचायची राह्यलीय.” मी ती तिच्या हातातून काढून घेतली. “मावशी, पंखवाल्या घोड्यावरनं राजपुत्र येऊन आपला उद्धार करणार हाय व्हय?” वंदनेला आलेले सगळे हसले. तीही हसली. “उद्धार तुमी करा, बाळा. दिवसभर लोकांची घाण काढून घरी आलं की मला तो घोडाच बरा वाटतो.” मी कादंबरी रद्दीवर टाकली. “बरं, नगं दिऊ. ती पोरगी त्या राजपुत्राला भेटती का, तेवढं तरी सांग.” सगळे माझ्याकडं बघत होते. “असलं मी वाचत न्हाय,” मी म्हणालो. खरं तर पत्रकाच्या आड धरून मी ती दोनदा वाचली होती. बारावीला नापास झालो तेव्हा त्या कादंबरीच्याच आधारानं दिवस काढले होते. मावशी रिकाम्या पिशवीची घडी करत निघून गेली, आणि पुन्हा पुस्तक न्यायला कधी आली नाही. “भेटती, मावशी,” एवढंच म्हणायचं होतं. आज माणसाच्या सन्मानावर लिहायला बसलो की पहिल्या ओळीलाच हात थबकतो.