ज्याच्यावर संशय येत नाही

आक्का पुस्तक निम्म्यावर मिटायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि खुनी कोण ते जाहीर करायची.

"डॉक्टरनं मारलंय त्याला."

"आक्का, अजून खूनच झालेला नाही."

"हुईल की. दोन पानं झाली सगळी गोड बोलायल्यात. आता कोणतरी मरतंय बघ."

आणि कोणीतरी मरायचं. डॉक्टरनं मारलेलं असायचं असं मात्र नाही. आक्काचा अंदाज बऱ्याचदा चुकायचा. चुकला की ती लेखकाला दोष द्यायची.

आक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, सोनूबाई कुरणे. एम.ए.च्या दोन वर्षांत मी तिच्याकडे राजारामपुरीत राहिले. तिने सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. ट्रंक कॉलच्या काळात कुरुंदवाडचा व्यापारी मुंबईला बोलायचा तो आक्काच्या कानावरून. पुढे गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, बोर्डासमोरच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या आणि आक्का निवृत्त झाली. पण तिचा कान निवृत्त झाला नाही. ती म्हणायची, "खोटं बोलणारा अडखळत न्हाय, पोरी. त्यानं पाठ केलेलं असतंय. खरं बोलणारा मधीच थांबतोय, शबूद हुडकतोय."

दुपारचं जेवण झालं की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यांना आपण काय वाचतो ते कळू नये. खाली रिक्षा, क्लासला निघालेली मुलं, दवाखान्याच्या पायरीवर टेकलेली माणसं. एका पानाआड एकदा ती रस्त्याकडे नजर टाकायची. जणू खालच्यांपैकी कोणीतरी निसटून पुस्तकात शिरेल.

नव्या रहस्य कादंबऱ्यांवर तिचा राग होता, तरी वाचायची त्याच. "पहिल्याच पानावर मुडदा टाकत्यात. आरं, मेलेल्याची वळख तरी करून दे की. मेला त्याचं वाईट वाटाय नको?" मोबाइल आल्यापासून तर बिघडलंच, असं तिचं मत. "कोण कुठं हाय ते लगेच कळतंय. संशय घ्यायला जागाच ऱ्हायली न्हाय." आणि सगळे खून महाबळेश्वरच्या बंगल्यातच का होतात, राजारामपुरीत लोक काय अमर आहेत का, हेही ती विचारायची.

एकदा तिने जे सांगितलं ते मी वर्गात कधीच ऐकलं नव्हतं. "नोकराला आडनाव नसतंय. नुसता रामू, न्हायतर गंगू. पोलीस पयला त्यालाच धरत्यात. पण त्यानं केलेलं नसतंय. ज्याला लेखकानं आडनाव दिलंय, त्यानंच केलंय." हे बोलताना ती हसली नाही. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडे बघून तिने पान उलटलं.

पण तिचा मुख्य नियम दुसराच होता. ज्याच्यावर संशय येत नाही, त्यानंच केलेलं असतंय.

हा नियम पुस्तकात होता तोवर ठीक होतं. मग घरात निशा आली.

निशा म्हणजे आक्काच्या एकुलत्या मुलाची, संघर्षची बायको. माहेर कुरुंदवाड. संघर्ष गगनबावड्याला शाळेत शिक्षक. तिथल्या पावसात सुनेनं कुजायचं नाही, असं आक्कानंच ठरवलं होतं. म्हणून तो शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. उरलेल्या दिवसांत घरात आम्ही तिघी.

निशा हळू बोलायची. आक्काचे गुडघे शेकून द्यायची. भाकरी आक्काला आवडते तशी जरा करपवायची. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि आक्काच्या डोळ्यांत नेमकं तेच खुपत होतं.

"लई गुणाची हाय," ती मला म्हणाली.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं हाय तेच बघायलोय मी."

त्याच सुमारास आक्काने एक कादंबरी वाचली. सून सासूला दुधातून रोज थोडं थोडं काहीतरी देते आणि गावभर सासूच्या सेवेचं कौतुक होतं, अशी. दुसऱ्या दिवसापासून आक्का निशाच्या हातचा चहा गॅलरीत नेऊन प्यायला लागली. निदान आम्हाला तसं वाटलं. गॅलरीच्या कोपऱ्यात कोरफडीची कुंडी होती. काही आठवड्यांत कोरफड मुळापासून मऊ पडली आणि एका सकाळी कलंडली.

आक्काने मला हाताला धरून तिथे नेलं.

"बघ. मी पिलो असतो तर?"

तेव्हा मला कळलं की चहा कुठे जात होता. मी तिला समजावलं, की कोरफडीला रोज दोनदा कपभर गोड चहा घातला तर कोणाच्याही हातची कोरफड मरेल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वकील पण असंच बोलतोय, शेवटच्या पानाआधी."

मी तो विषय निशापाशी काढला नाही. एखादं वाक्य कोणत्या घरात कधी बोलायचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

पुस्तकं आणायची हंबीररावांच्या वाचनालयातून. दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, अरुंद लोखंडी जिन्याने जायचं. गुडघे धरले तसा आक्काचा जिना सुटला आणि पुस्तकं बदलायला निशा जाऊ लागली. त्या वाचनालयात एक रीत होती. सगळ्या रहस्यकथांची नावं सारखीच वाटतात, मग वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येक जुना वाचक ठरलेल्या पानावर आपली खूण करायचा. कोणाची फुली, कोणाचा बारका गोल. आक्काचं पेन्सिलीचं टिंब, एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली. हंबीरराव ओरडायचे, आणि त्यांचीही एक खूण होती.

पावसाळा सरत आला तेव्हा आक्काने मला गॅलरीत बोलावलं. कोरफडीच्या जागी आता रिकामी कुंडी होती.

"दीप्ती, एक गोष्ट ध्यानात आलीया. अलीकडं निशा आणती त्या पुस्तकांत सून कधीच खुनी नसती."

"योगायोग असेल."

"एकांदं पुस्तक म्हटलं तर ठीक. हितं भाच्यानं मारलंय, भागीदारानं मारलंय, माळ्याच्या वेशातल्या भावानं मारलंय. सून एकदा पण न्हाय. नर्स पण न्हाय. चहा देणारं कोणच न्हाय." ती पुढे झुकली. "ती पारखून आणतीया. मला बेसावध ठिवायलीया."

मी हसले. पण रात्री निशाने आणलेली, मीही चाळलेली पुस्तकं आठवू लागले, आणि आक्का म्हणत होती ते खरं निघालं. मग मलाही निशाच्या हळू बोलण्यात काहीतरी ऐकू यायला लागलं. संशय असा असतो. तो शेजारी बसलेल्यालाही न विचारता लागतो.

त्या आठवड्यात निशाने दाराशी एक मोठी कापडी पिशवी काढून ठेवली, धुऊन, वाळवून, घडी घालून. आणि बुधवारी ती कुरुंदवाडला फोनवर बोलताना आक्काने ऐकलं. आक्का न्हाणीघरात होती, नळ बंद होता.

"आई, हे आल्यावर... शनवारी सांगतो मी त्यास्नी. गगनबावड्यालाच... खोली बारकी असली तर असूदे. हितं न्हाय... हितं न्हाय निभत."

आक्का बाहेर आली, टॉवेल हातात तसाच. मला वाटलं आता ती म्हणेल, बघितलंस? ती म्हणाली, "थांबत थांबत बोलत होती."

तिने टॉवेल दोरीवर टाकला. दुपारी पुस्तक उघडलं नाही. चार वाजता चप्पल घालून मला म्हणाली, "चल, हंबीररावाकडं."

जिना चढायला तिला फार वेळ लागला. दर पायरीवर कठडा, मग माझा खांदा, मग श्वास. हंबीरराव वरून बघत होते.

"आक्का! या की. वर्ष झालं तोंड दाखवून. आमाला वाटलं तुमचाच खून झाला."

"व्हायचाय अजून. आमची सून पुस्तकं कशी निवडती?"

"निवडती?" हंबीररावांनी पुठ्ठ्याने वारा घेतला. "तिथं कपाटापाशी उभी ऱ्हाती आनि शेवटचं पान वाचती. मी म्हटलो, ताई, हे म्हंजे जेवाय बसायच्या आधीच हात धुतल्यागत झालं. तर म्हनाली, माज्यासाठी न्हाय वाचत, मामा. मग काई घ्यायची, काई परत ठिवायची."

"परत ठेवलेली कुठली?"

"ते मला काय ठावं? पर त्या पोरीनं बी आता खून सुरू केलीया. शेवटच्या पानाचा कोपरा दुमडती. पुन्ना पुन्ना बघाय लागू नये म्हनून."

आक्का कपाटाशी स्टूल ओढून बसली. मी पुस्तकं काढून देत होते, ती आधी एकविसावं पान बघायची, मग शेवटचं. टिंब होतं तिथे कोपरा सरळ. कोपरा दुमडलेला तिथे टिंब नाही. हळूहळू तिच्या मांडीवर कोपरे दुमडलेल्यांचा वेगळा ढीग झाला. तिने ते एकेक करून शेवटून वाचले. आयुष्यात पहिल्यांदा.

सून. नर्स. सून. धाकटी जाऊ. स्वयंपाकीण, तिला आडनाव होतं. पुन्हा सून.

"सगळी न्यायची," आक्का म्हणाली.

"नियमात दोनच बसत्यात," हंबीरराव म्हणाले. मग आक्काकडे बघून म्हणाले, "न्ह्या. पर कोपरं सरळ करून आना."

घरी निशा कणीक मळत होती. आक्काने तो ढीग ओट्यावर ठेवला. निशाचे हात थांबले. तिने पुस्तकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ही का आणली न्हाईस?" आक्काने विचारलं. तोच आवाज, ज्यात तिने हजारोंना नंबर विचारला असेल.

"आत्ती, ते... चांगली न्हाईत म्हणून."

"शेवटचं पान वाचून कळतंय व्हय?"

निशाने हाताची कणीक खरवडली. मग बोलली, पण तुटक. "त्या दुधाच्या पुस्तकानंतर... तुमी चहा... मला वाटलं साखर जास्त हुतीया. कमी करून बघितली. मग कुंडीत मुंग्या... रांग लागलेली. मी माती उकरली तर चहाचा वास." ती थांबली. "मला वाईट... न्हाय, राग आला. लई राग आला. मग वाटलं, पुस्तकातच न्हाय आलं तर... तुमच्या मनात पण येणार न्हाय."

आक्का ऐकत होती. डोळे मिटून, मान जराशी डावीकडे, जिकडे पूर्वी हेडफोन असायचा. निशाचं बोलणं संपल्यावरही ती तशीच राहिली, जणू पलीकडचा माणूस अजून लाइनवर आहे.

"शनवारी जाणार हाईस?"

"मी अजून ह्यांना... व्हय."

"हं."

मला वाटलं आक्का काहीतरी समजुतीचं बोलेल. तिला ते कधी जमलं नाही. तिने पदर खोचला, चहाचं भांडं ठेवलं, आलं ठेचलं. आलं फार झालं हे वासावरूनच कळत होतं. तिने दोन कप भरले, एक निशासमोर ठेवला, दुसरा कणकेच्या परातीशेजारी, आणि स्वतः उभी राहिली.

निशा कपाकडे बघत राहिली.

"पी की. का, संशय यायलाय?"

"यायलाय," निशा म्हणाली.

खालून रिक्षाचा हॉर्न आला. आक्काने निशासमोरचा कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप परत तिच्यासमोर ठेवला.

"वाईट झालाय. पण मरायचीस न्हाईस."

निशाने तो कप घेतला. उष्टा, तसाच. दोघी प्यायल्या, आणि मला कोणी विचारलं नाही.

शनिवारी संघर्ष आला. निशाने त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. आतलं दार लोटलेलं होतं आणि आक्का, कान असून, गॅलरीत जाऊन बसली होती. पुस्तक उघडं होतं, पान काही उलटत नव्हतं. रविवारी संध्याकाळी संघर्ष एकटाच एसटीला गेला. पुढचं पुढे बघू, एवढंच तो जाताना आईला म्हणाला.

सोमवारी सकाळी निशाने चहा आणला. आक्काने कप हातात घेतला, वास घेतला, तिच्या सवयीप्रमाणे. मग निशासमोरच प्यायली.

"साखर कमी हाय."

"तुमची शुगर बघून टाकलीय."

"असं तूच म्हणणार." आक्काने मांडीवरचं पुस्तक उचललं. "हे बोगस हाय. सुनेला आडनाव दिलंय, पण कारण दिलेलं न्हाय. कारणाशिवाय कोण कशाला मारंल?"

"कारण हाय की," निशा म्हणाली. "तुमी मधली पानं नीट वाचली न्हाईत. सासू तिच्या हातचं खात न्हाय."

आक्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटून ढिगावर ठेवलं.

निशाने एकेका पुस्तकाचा दुमडलेला कोपरा नखाने दाबून सरळ केला. दाराशी ठेवलेली ती मोठी कापडी पिशवी उघडली, पुस्तकं त्यात भरली आणि वाचनालयाकडे निघाली. आक्का गॅलरीतून वाकून बघत होती, ती कोपऱ्यावरून कुठे वळते ते.