मोठ्या बाबांचा उजवा गुडघा

मोठ्या बाबांचा गुडघा इंग्रजांच्या राज्यात मोडला होता. ते स्वतः आज सकाळी गेले.

मधल्या इतक्या वर्षांत त्यांना लंगडताना मी कधी पाहिलं नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यांत थोरले भाऊ. उमरेडचे विणकर. शंभरीला थोडेच कमी होते.

फोन आला, नागपुरातल्या मनीषनगरहून निघालो, उमरेडच्या बसच्या खिडकीशी बसलो. रस्ताभर त्यांचीच गोष्ट डोळ्यांपुढे तरंगत होती. त्यांनी ती इतक्या वेळा सांगितली, की आता मला ती माझीच आठवण वाटते.

याच रस्त्यावर ते पडले होते.

तेव्हा मध्यप्रांत होता. मोठे बाबा अठरा-एकोणीस वर्षांचे. दिवाळी होऊन गेलेली. सायकलच्या कॅरिअरला लुगड्यांचा गठ्ठा बांधून नागपूरच्या बाजाराला चालले होते. समोरून बैलगाडी आली, सायकल घसरली, पाय खाली अडकला आणि गुडघा पिरगळला.

लुगड्यांना मातीही लागली नाही, हे ते दर वेळी सांगायचे.

नागपूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, वाकून पाहत होते.

"गुडघ्याच्या आत एक दोरी असते," डॉक्टर म्हणाले. "ती तुटलेली नाही. पण ती हाडाला जिथे धरून असते, तो हाडाचा तुकडाच उपटून वर आलाय."

आबाजींनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे धागा साबूत हाय. खुंटा उपटला."

"अगदी तसंच."

"मंग ठोका ना जी खुंटा!"

डॉक्टर हसले. म्हणाले, गुडघा उघडून तुकडा जागेवर बसवू. हाडाला दोन बारीक भोकं पाडू, त्यांतून रेशमी धागा ओवून घट्ट बांधू.

आबाजी आणखी जवळ सरकले.

"धागा किती पदरी हाय?"

ऑपरेशन चांगलं झालं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. ते निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आता गुडघा रोज थोडा थोडा वाकवायचा.

चूक इथे झाली.

आमच्या घरात मागावर चढायच्या धाग्यांना खळ लावली, की ती वाळेपर्यंत कोणी बोटही लावत नाही. मांजरालासुद्धा तिकडे फिरकू देत नाहीत. आबाजींना वाटलं, आत नवा धागा आहे, नवी गाठ आहे. डॉक्टर शिकलेले असतील, पण विणकर थोडेच आहेत!

"हालवू नको गा. वाळू दे."

महिनाभर मोठे बाबा पाय लांब करून बसून राहिले. गुडघा लाकडासारखा झाला.

त्यांचं लग्न ठरलेलं होतं. एक दिवस होणारे सासरे आले. चहा घेतला, पायाकडे पाहिलं.

"पोरगा गुणाचा हाय. पण हा पाय मांडवात मावन का?"

आबाजींनी मागाकडे पाहिलं.

आमच्यात नवरीचं लुगडं नवरदेवानं विणायचं असतं. आणि आमचा माग खड्ड्यावरचा. विणकर काठावर बसतो, पाय खाली सोडतो, पायांनी पावड्या दाबतो. न वाकणाऱ्या पायाला तिथे जागाच नाही.

सासरे उठता उठता म्हणाले, "चैतापर्यंत वाट पाहतो. याच्या हातचं लुगडं आलं तं लग्न. नाही तं पोरीले दुसरं घर पाहा लागन."

आबाजी मुलाला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

"अहो, हाड केव्हाच जुळलं! वाकवला काहून नाही?"

"खळ वाळून राहिली होती जी."

डॉक्टरांनी गुडघा हाताने चाचपला. मग म्हणाले, "वाळली बरं का. आता वाकवा. जबरदस्ती मात्र नको."

घरी आल्यावर आबाजींनी घरातल्या सगळ्या गोधड्या खड्ड्याच्या काठावर रचल्या आणि मोठ्या बाबांना वर बसवलं. त्या उंचीवरून ताठ पायही तिरपा खाली पोचला. अंगठा पावडीला जेमतेम टेकला. हात मात्र आडवा धागा फेकायच्या धोट्यापर्यंत पोचेनात.

"राजावानी बसला हाय माझा पोरगा," आजी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

चार-चार दिवसांनी आबाजी एक गोधडी काढून घेत. बसायची जागा तेवढी खाली यायची, गुडघ्याला तेवढं वाकावं लागायचं. एका गोधडीवर तर अख्खा आठवडा अडकले. मोठे बाबा घामाघूम व्हायचे. पावडी दाबताना देवाचं नाव घ्यायचे.

राम. खट.

राम. खट.

डोळे मिटले की मला ती खोली दिसते. माघातलं ऊन, त्यात तरंगणारी सुताची धूळ, आणि खड्ड्यातून वर येणारा तो आवाज. तिथे मी नव्हतो. तरी दिसते.

शेवटची गोधडी फाल्गुनात निघाली.

चैत लागता लागता लुगडं उतरलं. हळदीच्या रंगाचं. सुरुवातीची वीतभर वीण सैल होती, कारण उजवा पाय अजून कच्चा होता. ते टोक मोठी आई, म्हणजे तीच नवरी, नेहमी आत खोचायची. कोणाला दिसायचं नाही. तिला ठाऊक होतं.

आज पोचलो तेव्हा मोठ्या बाबांना अंगणात निजवलं होतं. डावा पाय सरळ. उजवा अंथरुणाला खिळल्यापासून पुरता सरळ होईनासा झाला होता, तो तसाच थोडा वर राहिलेला.

तिरडीला बांधायला बरं पडावं म्हणून माझा चुलतभाऊ गुडघा हलकेच खाली दाबू लागला.

मोठी आई उशाशी बसली होती.

"दाबू नको गा," ती म्हणाली. "लय मेहनतीनं वाकवला हाय त्यायनं."

भावाने हात काढला.

आम्ही त्यांना तसंच नेलं.

मोठे बाबा, तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो.

रामराम.