घोड्याच्या कपाळावरचा पत्रा

आज गांधीबागेत टांग्याजवळून जाताना घोड्याच्या घामाचा वास आला आणि ते खोदकाम आठवलं. तेव्हा मी शहराबाहेर हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी वर्तुळांत, म्हणजे जुन्या थडग्यांत, माती वाहायला जात होते. एका दुपारी घोड्याची कवटी निघाली. कपाळावर तांब्याचा पत्रा होता, पोळ्याला आपण बैलाच्या कपाळावर बांधतो तसा. खोदकामाचे मोठे साहेब विद्यार्थ्यांना सांगू लागले, "घोडा सगळ्यांत आधी पाळला तो दूर उत्तरेच्या गवताळ मैदानातल्या भटक्या लोकांनी. आपल्या भाषेचं मूळही तिकडचंच. इथेही मालक मेला की घोडा मारून सोबत पुरायचे." माझ्या बापाचा टांगा होता, घोड्याला पाणी मीच पाजायची. मला एवढंच विचारायचं होतं, की हा घोडा मारण्याआधी त्याला पाणी पाजणाऱ्या बाईला कोणी विचारलं होतं का? तोंड उघडणार तेवढ्यात मुकादम ओरडला, "काय पाहून राहिली वं? तुह्या घरचा घोडा होय का तो? उचल टोपलं!" सगळे हसले. माती टाकून परत आले, तर कवटी पेटीत बंद झाली होती आणि साहेब निघून गेले होते. आज टांगेवाल्यानं विचारलं, "बसता का, बाई?" घोड्यापुढची बादली कोरडी होती. "आधी त्याला पाणी पाजा," एवढंही मला बोलता आलं नाही.