झुलते ती गाडी की मी

"आई, रिक्षाने जात जा ना, पार्किंगची कटकट नाही," असं मुलगा म्हणाला, तेव्हाच मला वास आला. माझ्या पार्किंगच्या काळजीने हा मुलगा आजवर कधी कासावीस झालेला नव्हता. त्याच आठवड्यात सुनेने माझ्या फोनवर टॅक्सी बोलवायचं ॲप टाकून दिलं, तेही न मागता. मग गाडीची चावी दाराजवळच्या खुंटीवरून उठून मुलाच्या कपाटात जाऊन बसली. "तिथे धूळ बसते," म्हणे. चावीवर!

कोथरूडच्या सोसायट्यांत कट असेच शिजतात. आवाज कुणाचाच चढत नाही, चहा वेळेवर येतो, आणि एक दिवस म्हातारीला कळतं की आपली रवानगी मागच्या सीटवर झालेली आहे.

मी आडवळणं घेत नाही. जेवायला बसल्यावर सरळच विचारलं.

"चावी काय केलीस?"

मुलाने पोळीचा घास हातातच धरला. "परवा लोणी काळभोरला मावशीकडे गेलो, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तू ट्रकच्या शेजारून काढलीस ना, तेव्हा गाडी केवढी कलली! आई, तुझ्या हातात गाडी झुलते."

"गाडी झुलते. हात माझे आहेत तिथेच आहेत."

"अगं, तेच म्हणतोय मी."

"तेच नाही. अगदी उलट आहे."

वाद वाढला आणि शेवटी तोच चिडून म्हणाला, "ठीक आहे. गाडीचं झुलणं घालवून दाखव, चावी तुझी. त्यानंतरही झुललीस, तर मात्र चावी माझ्याकडे. कायमची."

"कबूल," मी म्हटलं. 'झुललीस' हा शब्द त्याने मुद्दाम वापरला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही असं त्याने समजू नये.

चावी म्हणजे माझ्यासाठी काय, हे लांबण न लावता सांगते. मंडईतून मला हवी ती वांगी हवी त्या सकाळी आणता येणं, बहिणीकडे न विचारता जाता येणं आणि तिथून कंटाळा आला की न विचारता निघता येणं. या वयात यापलीकडे स्वातंत्र्य म्हणून फारसं काही उरत नाही.

आता संशय घेण्याचा हा गुण माझ्यात पहिल्यापासून नव्हता. तरुणपणीची मी म्हणजे एक नमुना होते. कुकरची रिंग गेली, तर ती बया डोळ्यांनी माप घेऊन दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "बसेल वहिनी." लगेच बसली! म्हणजे बाईच्या डोक्यात बसली, कुकरला नाही. पुढे कितीतरी दिवस भात कच्चा राहिला. तिने आधी तांदळाला दोष दिला, मग गॅसला, मग सासूबाईंच्या कुकरच्या वयाला. रिंगवर संशय घेण्याचं तिला सुचलंच नाही, कारण दुकानदार हसून बोलला होता. गाडी शिकायला गेली तर आणखी तऱ्हा. आधी वर्षानुवर्षं मोपेड चालवलेली, त्यामुळे वळण आलं की बाई अख्खी त्या बाजूला कलायची. शिकवणारा शेवटी हात जोडून म्हणाला, "ताई, वळायचंय ते गाडीला. तुम्ही सरळ बसा." तो गंमत करतोय असं समजून ती हसली, आणि पुढच्या वळणाला पुन्हा कलली.

तर सांगत होते गाडीचं. दुसऱ्या दिवशी सून ऑफिसचं काम बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मी वाचलं. आपल्या गाडीला मागे एक बार असतो, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा. वळणावर एक बाजू दबली की तो दुसऱ्या बाजूलाही खाली ओढतो, मग गाडी फार कलत नाही. आपल्या मॉडेलला तो बारीक दिलाय. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जाड आहे. तो बसवता येईल, फक्त आपल्या गाडीला लागेल असाच मिळायला हवा."

माहिती चोख होती. मला शंका आली ती वेगळीच. सून सासूला चावी मिळवून द्यायला का धडपडतेय? ॲप टाकणारीही हीच. मी तिच्यावर नजर ठेवली.

आमच्या गॅरेजवाल्याने तर कामच नको म्हटलं. "काकू, कशाला बार-बिर? टायरची हवा बघा, शॉकअब बघा." स्वतःहून काम टाळणारा गॅरेजवाला मी पुण्यात तरी पाहिलेला नव्हता. मुलाने त्याला फोन केला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. शॉक ॲब्सॉर्बर बघितले, ठीक निघाले. हवा बघितली, ठीक निघाली. मग त्याने गाडीखाली जॅक लावला.

"जुना बार काढा," मी म्हटलं.

"नवा आणल्यावर काढतो की."

"आधी काढा. माप घ्यायचंय."

ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा ब्लाउज द्यावा, टेपवर विसंबू नये, हे मला आता कळतं. मी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून गॅरेजच्या फरशीवर लांबच लांब पसरली, काढलेला बार त्यावर आडवा ठेवला आणि पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ मारली. कुठे वाकतो, कुठे सरळ जातो, टोकाची भोकं कुठे येतात, सगळं उतरवून घेतलं. बार ज्यांत बसतो ते दोन्ही रबरी बुश पिशवीत टाकले. गॅरेजवाला कमरेवर हात ठेवून बघत होता.

"काकू, काठ कुठल्या रंगाचा लावायचा?"

"तुमच्या बिलाच्या रंगाचा," मी म्हटलं.

नाना पेठेत गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात सून आणि मी दोघी गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं, साल विचारलं, आत गेला आणि एक काळा जाड बार घेऊन आला. "डोळे झाकून घेऊन जा आजी. हाच बसतो."

'आजी' एक वेळ सोडून दिलं असतं. 'डोळे झाकून' ऐकल्यावर मात्र मी चष्मा पुसून घातला. काउंटरवर कागद उलगडला. तो लोंबत पार दारापर्यंत गेला. शेजारचं गिऱ्हाईक बाजूला सरकलं. आम्ही बार रेघेवर ठेवला. मधला भाग जुळला, पण दोन्ही टोकं रेघेच्या चांगली चार बोटं बाहेर.

"कागद उलटा धरलाय तुम्ही," दुकानदार म्हणाला.

मी कागद पालटला. टोकं आता दुसरीकडून बाहेर आली.

"थोडं दाबलं की बसतं हो, सगळे असंच बसवतात."

"आमच्याकडेही सगळे असेच बसवायचे. कुकरची रिंग."

त्याला काही कळलं नाही. सुनेला हसू आवरेना. तिने फोनवर त्या मॉडेलची सालं काढून त्याच्यापुढे धरली. नंतरच्या गाड्यांची मागची बाजू बदलली होती, आणि हा बार त्यांचा होता. तो पुटपुटत आत गेला आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखलेला दुसरा घेऊन आला. तो रेघेवर बरोबर बसला. नुसता जाड होता, म्हणून रेघ दोन्ही बाजूंनी झाकली गेली.

"बुश जुनेच चालतील ना?" हे मी मुद्दाम विचारलं.

"चालतील."

मी पिशवीतला बुश काढून त्या बारवर चढवायला लागले. चढेना. दुकानदाराने मोठ्या भोकाचे नवीन बुश काढून दिले. मी तेही चढवून बघितले.

परत येताना रिक्षात सुनेला गाठलं. "खरं सांग, तुझा यात काय फायदा?"

"मळमळतं मला, आई." ती बाहेर बघत म्हणाली. "पुढे कुणीही चालवू दे, मागे मीच असते ना."

"कुणीही? म्हणजे हा चालवतो तेव्हाही झुलते?"

"झुलते की! त्यांना सांगितलं तर म्हणतात, मोबाइल बघू नकोस."

मला इतका आनंद झाला की रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडायचंसुद्धा राहून गेलं.

बार बसला. रविवारी सकाळी मुलगा शेजारी बसला, सून मागे, आणि मी गाडी चांदणी चौकाकडे काढली. तिथल्या गोल-गोल रॅम्पसारखी परीक्षा दुसरी नाही. पहिल्या वळणाला मी श्वास धरला होता. गाडी सपाट गेली. दुसऱ्याला मुद्दाम थोडा वेग ठेवला. वाटीतली आमटीसुद्धा सांडली नसती.

"बघ!" मी म्हटलं.

"बघितलं," मुलगा म्हणाला. "मानलं."

"मला अजिबात मळमळत नाहीये," मागून सून म्हणाली.

रॅम्प उतरून मी डावीकडे मुख्य रस्त्याला लागत होते. आरसा बघितला होता. रस्ता मोकळा होता. म्हणजे मला मोकळा दिसला. तेवढ्यात मुलगा "आई!" ओरडला आणि त्याने स्टिअरिंगला हात घातला. डाव्या दाराला अगदी खेटून एक मुलगी स्कूटरवर गेली. तिने मागे वळून जे काही म्हटलं, ते ऐकू आलं नाही, समजलं मात्र.

मी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. गाडी जरासुद्धा कलली नाही, एखाद्या शहाण्या मुलीसारखी सरळ उभी राहिली.

मुलगा काही बोलला नाही. मला त्याचाही संशय आला.

"बोल की."

"काय बोलू? गाडीचं झुलणं गेलंय. पैज तू जिंकलीस."

"ती स्कूटर मला दिसलीच नाही रे."

"हं."

"आरशातही नाही. आणि मान वळवायला हवी होती, ती वळलीच नाही."

मी नुकती सिद्ध करून दाखवलेली गोष्ट मलाच नडली होती. जोवर गाडी झुलत होती, तोवर सगळा दोष तिच्या माथी मारता येत होता. आता बार जागेवर, बुश जागेवर, टायरची हवा जागेवर. संशय घ्यायला गाडीत एकच वस्तू उरली होती, आणि तिने पट्टा लावला होता.

मी पट्टा काढला. "ये इकडे. तू चालव."

"आई, अगं, चावी तुझीच—"

"चावी माझीच आहे. तू फक्त चालव."

आम्ही जागा बदलल्या. घरी गेल्यावर त्याने चावी इमानदारीत माझ्या हातात ठेवली आणि मी ती पर्समध्ये टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ सुनेने घेतली आहे. मानेचे व्यायाम चालू आहेत. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. तोवर मी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे माझं मीच ठरवलं आहे. पण पैज ती पैज.

त्यामुळे आता रोज सकाळी मुलगा बॅग खांद्याला लावून माझ्या खोलीच्या दारात उभा राहतो.

"आई, चावी दे ना."

"कुठे जायचंय?"

"ऑफिसला, अजून कुठे!"

"रिक्षाने जात जा ना," मी म्हणते. "पार्किंगची कटकट नाही."

मग थोडा वेळ शोधल्यासारखं करून पर्समधून चावी काढते.